दोन्ही स्टेशनं ऐकणारा

ज्या माणसाला आपला मालकही जेवायला बोलावतो आणि मालकाशी वैर धरलेला त्याचा भाऊही, त्या माणसाबद्दल स्वच्छ मनानं बोलणं अवघड असतं. मी प्रयत्न करतो.

ऑफिसात त्याला सगळे रेडिओ म्हणत. आमचा मल्याळी स्टोअरकीपर ‘रेडिओ साब’ म्हणायचा, पठाण ड्रायव्हर ‘रेडिओ भाई’. माझी मुलगी मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. ती त्याला ‘रेडिओकाका’ म्हणे आणि त्याच्याशी चक्क मराठीत बोले. माझ्या दुखण्यांपैकी हे सगळ्यात लहान.

उंच माणूस, खांद्यात जरा वाकलेला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पत्त्यांच्या कॅटएवढा रेडिओ आणि एका कानात त्याची वायर. दुसरा कान मोकळा, तो आमच्यासाठी. फोनवर सगळं जग ऐकू येत असताना हा शॉर्टवेव्ह लावायचा. बिल्डिंगीत वायफायची आणि एसीची खरखर फार, म्हणून सुट्टीच्या दिवशी गाडी काढून दुबईबाहेर अल कुद्राच्या वाळूत जायचा, गाफच्या झाडावर तांब्याची तार फेकायचा आणि घडीच्या खुर्चीत बसून कुठली कुठली स्टेशनं धरायचा. का, विचारलं तर म्हणायचा, “भाऊ, आपल्यासाठी बोललेलं सगळेच ऐकतात.” याचा अर्थ मला नीटसा कधी लागला नाही. माझ्या बायकोला मात्र लगेच लागला म्हणे.

आमची कंपनी फळांची. नाशिकची द्राक्षं, सोलापूरची डाळिंबं, मोसमात आंबा. थोरले मालक अण्णा. देऱ्यात, दुबईच्या जुन्या बाजारात, एका गाळ्यापासून त्यांनी सुरुवात केली. धाकटे बापू. अण्णांनी त्यांना विशीत इकडे आणलं, वाढवलं, लग्न करून दिलं, निम्म्याचा भागीदार केलं. मी अण्णांचा माणूस. खरेदी माझ्याकडे. अण्णांच्या केबिनचं दार न वाजवता आत जाणारा मी एकटा होतो. मग रेडिओ आला. जबल अलीच्या बंदरात माल उतरला की कस्टमचे, बँकेचे कागद तो बघायचा. वर्षभरात तोही दार न वाजवता आत जाऊ लागला. आणि मी वाजवायला लागलो, कारण आत तो असला तर मध्येच घुसणं बरं दिसेना.

त्याची एक खोड होती. कुणी काही बोललं की त्यावर मत द्यायचं नाही, ऐकू कसं आलं तेवढं सांगायचं. अण्णा टेबलावर हात आपटून बोलले की बाहेर येऊन म्हणे, “आवाज जोरदार. पण खरखर फार आहे आज.” बापू गप्प असले तर, “सिग्नल येतोय जातोय.” माझं भलंमोठं भाषण ऐकून एकदा म्हणाला, “भाऊ, तुमच्या स्टेशनवर दुसरंच कुणीतरी बोलतंय.” सगळे हसले. मी अण्णांचीच वाक्यं बोलत होतो हे माझ्याही लक्षात आलं होतं, पण ते त्यानं सांगायची गरज नव्हती.

ही खोड कुठून आली ते त्यानं आमच्याच घरी सांगितलं. अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो महिन्यातून एकदा तरी जेवायला असायचा. त्याची बायको जळगावला शाळेत शिक्षिका, इथे तो एकटा, म्हणून माझ्या बायकोला त्याची काळजी. त्या दिवशी तिनं भरीत केलं होतं. खास खानदेशी, हिरव्या मिरचीचं. माझ्यासाठी तिनं तसं भरीत कधी केलं नव्हतं, कारण मी सांगलीचा.

“भाऊजी, हे रेडिओचं वेड लहानपणापासून का?” तिनं विचारलं.

“वहिनी, वेड नाही. धंदा होता माझा,” तो म्हणाला.

त्याचं गाव खानदेशातलं, तालुक्याचं. वडील जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. घरात एक मोठा जुना रेडिओ. तेव्हा रशिया आणि अमेरिका एकमेकांवर बॉम्ब रोखून बसले होते आणि मधल्या सगळ्या देशांतल्या लोकांना आपापल्या बाजूला ओढायला दोघांचीही रेडिओ स्टेशनं हिंदीत बोलत. हा शाळकरी पोरगा दोन्ही ऐकायचा आणि दोन्हीकडे पत्रं लिहायचा. तुमचा कार्यक्रम अमुक दिवशी आमच्या गावात असा असा ऐकू आला. आवाज किती, खरखर किती, मध्ये बुडाला का. त्यांना तेवढंच हवं असायचं. बदल्यात मॉस्कोहून बिल्ले, कॅलेंडरं, गुळगुळीत कागदाची रंगीत मासिकं यायची. अमेरिकेहून पेनं, नकाशे, चिकटवायची चित्रं. पोस्टमन कोपऱ्यावरूनच ओरडायचा, “रशिया आला रे!” गावातल्या एकाही माणसाला दिल्लीहून पत्र येत नव्हतं आणि याला दोन्ही महासत्ता लिहीत होत्या. एकदा फौजदारसाहेब घरी येऊन चौकशी करून गेले. जाताना पोरासाठी एक अमेरिकन पेन मागून नेलं.

बायको आणि मुलगी हसून लोटपोट. मी भाकरी मोडत होतो. मला आठवत होती ती गुळगुळीत मासिकं. त्याच वर्षांत सांगलीत आम्ही ती रद्दीवाल्याकडून किलोवर आणायचो, वह्यांना कव्हरं घालायला. गव्हाच्या शेतात ट्रॅक्टरवर बसलेली एक रशियन बाई माझ्या भूमितीच्या वहीवर वर्षभर हसत होती. त्याला ती मॉस्कोहून घरपोच आली होती. त्याच्या नावानं.

“मग तुम्ही कुणाच्या बाजूचे होता, काका?” मुलीनं विचारलं. मराठीत.

“एकदा एक प्रवासी विमान पाडलं रशियानं. त्या संध्याकाळी दोन्ही स्टेशनं ऐकली. एक म्हणालं, हेरगिरी करत होतं. दुसरं म्हणालं, आत नुसती बायकापोरं होती. दोघांचाही आवाज इतका स्वच्छ होता बेटा, जराही खरखर नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.”

“आणि पत्रं? त्या दिवशीची?” बायकोनं विचारलं.

“लिहिली ना. दोन्हीकडे. ‘आवाज अत्यंत स्पष्ट.’ दोन्हीकडून कॅलेंडर आलं.” मग पाणी पिऊन म्हणाला, “त्यांना मी नको होतो, वहिनी. मी दुसऱ्याचा होऊ नये एवढंच हवं होतं. ते कळलं आणि मग माझं बरं चाललं.”

तो गेल्यावर बायको बराच वेळ ताटं तशीच ठेवून बसून राहिली. “किती ऐकलंय हो त्या माणसानं,” म्हणाली. मीही तिचं पंचवीस वर्षं ऐकतच होतो. पण ते असो.

दोघा भावांत नेमकं कधी फाटलं ते सांगता येत नाही. बापूंना वाटे, मार्केटच्या घाऊक धंद्यात आता राम नाही. थेट सुपरमार्केटना द्यावं, ॲपवर विकावं, सोललेलं डाळिंब डबीत भरून विकावं. अण्णांना वाटे, डबीत भरून विकायचं ते औषध, फळ नव्हे. बापूंनी दुबई मरीनात काचेचं ऑफिस घेतलं. अण्णा देऱ्यातच राहिले. बघता बघता माणसं वाटली गेली. ही अण्णांची, ही बापूंची. बापूंनी मरीनातल्या एका हॉटेलला दर उतरवून दिला की अण्णा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉटेलला त्याहून उतरवून देत. दोघांच्या खिशातून जायचं ते एकाच कंपनीचं. अण्णांनी थंड माल न्यायची नवी गाडी घेतली, तर बापूंनी दोन घेतल्या. अण्णांच्या आणखी दोन घ्यायच्या फाइलवर सही झाली त्या दिवशी रेडिओ खिडकीत उभा राहून एकटाच हसत होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही भाऊ. लहानपणचं आठवलं.”

त्याचे कागद दोघांनाही लागत. म्हणून आठवड्याचे पहिले दिवस तो देऱ्यात आणि उरलेले मरीनात बसायचा. मेट्रोनं जायचा यायचा. हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघेही त्याला विचारायचे, तिकडे काय चाललंय? तो म्हणायचा, “तुमचं तिकडे जेवढं सांगतो तेवढंच त्यांचं इकडे सांगेन. बोला, किती सांगू?” यावर दोघेही विषय बदलत. निरोप न्यायचा असला तर आधी तो मोठ्यानं म्हणून दाखवायचा. “बापूंना सांगतो, अण्णा म्हणाले की तू नमकहराम आहेस. असंच सांगू ना?” आपलंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं की अण्णा खाकरायचे. “तसं नको. म्हणावं, वाईट वाटलं.”

मी इतकी वर्षं अण्णांच्या बाजूनं भांडत होतो. कुणी मला विचारलं नाही की काय करूया. मी काय करणार ते ठरलेलंच होतं ना. जो आपलाच असतो त्याची खुशामत कोण करेल? दिवाळीला बापूंकडून रेडिओला सुका मेवा गेला, तसा अण्णांनी त्याला पितळी समई दिली. मला दरवर्षीप्रमाणे डायरी.

आणि मग तो रमजानच्या आधीचा आठवडा.

द्राक्षांचे तीन थंड कंटेनर जबल अलीला येऊन लागले होते. रमजानमध्ये इफ्तारला फळांना जेवढी मागणी असते तेवढी वर्षभरात नसते. बँकेतून कागद सुटायला दोन्ही भागीदारांच्या सह्या लागत. अण्णांनी सही करायला पेन उचललं आणि मी, खरेदीचा माणूस म्हणून, नाशिकहून आलेला खोक्याचा फोटो त्यांना दाखवला. नेहमीचं आमचं नाव नव्हतं. बापूंनी परस्पर स्वतःच्या नव्या कंपनीचं लेबल छापून लावलं होतं. नाव जवळजवळ आपलंच, रंगही तोच.

अण्णांनी पेनाला टोपण लावलं.

“लेबलं निघेपर्यंत सही नाही. माल सडू दे.”

बापूंचं उत्तर तासाभरात आलं. देऱ्याच्या ऑफिसचं आणि गोदामाचं भाडेपत्र त्याच आठवड्यात संपत होतं. त्यावर बापूंची सही हवी. तीही मिळणार नव्हती. म्हणजे ईदच्या आत अण्णांना त्यांच्या पहिल्या गाळ्यातून उठावं लागणार होतं.

अण्णांच्या वतीनं फोनवर मी बोललो. स्पीकरवर, सगळ्यांसमोर. “बापू, तुम्ही जे आहात ते अण्णांमुळे आहात,” मी म्हणालो. देऱ्याच्या ऑफिसातली माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. पलीकडून बापू एवढंच म्हणाले, “हे तुम्ही बोलताय की अण्णा?” आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस वाईट गेले. नाशिकहून बागाईतदारांचे फोन. “साहेब, माल चांगला पाठवलाय हो. आमचं काय चुकलं?” मला सांगता येईना की तुमचं काहीच चुकलेलं नाही, इथे दोन भाऊ रुसलेत. बंदराचं भाडं रोज चढत होतं. द्राक्ष थंडीतही किती दिवस काढणार? देठ वाळायला लागले की खलास. अण्णा जेवत नव्हते. बापूंचा रक्तदाब वाढल्याचं कानावर आलं. दोघांपैकी एकजण जरी हलला असता तरी सुटलं असतं, आणि आधी हलायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

त्या दिवसांत रेडिओ मेट्रोतच राहत होता म्हटलं तरी चालेल. देऱ्याहून मरीना, मरीनाहून देरा. कानात वायर नव्हती, हे मी पहिल्यांदा पाहिलं. अण्णांच्या केबिनमध्ये जायचा, दार लावून घ्यायचा. बाहेर मी. काचेतून अण्णांची पाठ दिसायची, आणि त्याची ती पुढे कललेली मान. एकदा आतून अण्णांचा आवाज चढला, “ते नाही! ते सोडून बोल!” मला वाटलं, लेबलाचंच असेल. ऊर भरून आला माझा. माझे अण्णा झुकत नव्हते.

एके दुपारी तो मरीनाहून परत आला तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. अण्णांच्या पुढ्यात बापूंचं पत्र ठेवलं. नवं लेबल मागे घेतो, त्या नावाची कंपनीही बंद करतो. भाडेपत्रावर सही केलेली. अण्णांनी वाचलं, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. संध्याकाळपर्यंत कंटेनर बंदराबाहेर. थोडा माल गेला, बराचसा वाचला. देऱ्याच्या ऑफिसात मी स्वतःच्या पैशांनी जिलेबी वाटली. आम्ही जिंकलो होतो! बापूंनी पूर्ण शरणागती पत्करली होती आणि आम्हाला एका पैचंही काही सोडावं लागलं नव्हतं. मरीनावाले इतके गप्प कसे, हे मनात आलं, पण जिलेबी गरम होती.

रेडिओनं जिलेबी घेतली नाही. “साखर वाढलीय,” म्हणाला.

ईद होऊन गेली, उन्हाळा चढला, तेव्हा अण्णांनी मला बोलावलं. “अल ऐनचा डेपो नीट चालत नाही. विश्वासाचा माणूस हवा तिथे. तू जा.”

दुबईहून दीड तासावरचं ते गाव, तरी मला वाटलं बढती आहे. घरी जाऊन बायकोला तसंच सांगितलं. ती म्हणाली, “अहो, पण मुलीचं बारावीचं वर्ष. आम्ही कसे येणार? दर आठवड्याला दोनशे दिरहमचं तर पेट्रोल, म्हणजे झाले साडेचार-पाच हजार रुपये!” पण अण्णांनी विश्वासानं दिलेलं काम. मी होकार दिला होता.

त्या रविवारी रेडिओचा फोन आला. “भाऊ, अल कुद्राला येता का माझ्याबरोबर? ऊन उतरल्यावर.”

एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी तिकडे बोलावलं नव्हतं. गेलो. त्यानं झाडावर तार फेकली, माझ्यासाठीही खुर्ची आणली होती, थर्मासातून चहा दिला. रेडिओ लावलाच नाही. वाळूवर झाडाची सावली लांबत चालली होती.

“क्युबाचं माहीत आहे ना तुम्हाला?” तो म्हणाला. “रशियानं तिथे अण्वस्त्रं नेऊन ठेवली, अमेरिकेच्या नाकासमोर. अमेरिकेनं समुद्रात जहाजं आडवी घातली. जग बुडतंय की राहतंय अशी वेळ आली होती. मग रशियानं अस्त्रं परत नेली. सगळे म्हणाले, रशिया झुकला.”

“माहीत आहे.”

“तसं नव्हतं ते. अमेरिकेनं तुर्कस्तानात आपली अस्त्रं ठेवली होती, रशियावर रोखलेली. ती काढून घेऊ असं आतल्या आत कबूल केलं होतं. अट एकच, बोलायचं नाही. काही महिन्यांनी गुपचूप काढली. जुनी झाली म्हणाले. पुष्कळ वर्षं बाहेर कुणाला पत्ता नव्हता.”

“बरं मग?”

माझ्याकडे न बघता त्यानं चहाचा कप वाळूत रोवून ठेवला.

मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढा त्यानं लागू दिला.

“मी?” मी विचारलं.

“बापूंची एकच अट होती. तुम्ही देऱ्यात नको. लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. आणि ते या सौद्यापोटी आहे, हे कुणाला कळता कामा नये.”

“आणि अण्णा हो म्हणाले?”

“दोन दिवस नाहीच म्हणत होते. ओरडलेसुद्धा माझ्यावर.”

“तिसऱ्या दिवशी?”

“तिसऱ्या दिवशी द्राक्षांचे फोटो आले बंदरातून.”

मी उठून चालायला लागलो. बूट वाळूत रुतत होते. चीड कुणाची येत होती ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आज सांगतो. अण्णांनी सौद्यात मला दिलं, त्याचं दुःख होतंच. पण मी जळलो तो वेगळ्याच गोष्टीनं. माझ्याबद्दलचं ते बोलणं अण्णा याच्याशी बोलले. माझ्यासाठी दोन दिवस नाही म्हणाले, ओरडले, आणि तेही यानं ऐकलं. अण्णांचं माझ्यावर इतकं प्रेम असल्याचा एकमेव पुरावा याच्या कानात होता. मी काचेबाहेर उभा होतो.

परत येऊन मी विचारलं, “कुणाला सांगायचं नव्हतं ना? मग मला का सांगितलंत?”

“तुम्ही बढती समजून आनंदात होता. वहिनींचा फोन आला होता, त्या म्हणाल्या. मला ते ऐकवेना.”

“म्हणजे शब्द मोडलात.”

“मोडला,” तो म्हणाला. “पहिल्यांदाच. कसंसंच वाटतंय.”

मी अण्णांना कधी दाखवलं नाही की मला माहीत आहे. अल ऐनला गेलो. शांत गाव. डेपोच्या मागे खजुरीची बाग, दुपारी एखादी गाडी. आठवडाभर एकटा, सुट्टीला घरी. अण्णांचा दर गुरुवारी फोन यायचा. माल किती, गाड्या किती, हे दोन मिनिटांत संपायचं आणि मग तास-तासभर ते इकडचं तिकडचं बोलत राहायचे. गुडघे, गावची जमीन, सुनेचा स्वयंपाक. देऱ्यात शेजारच्या खोलीत असताना ते माझ्याशी कधी एवढं बोलले नव्हते. माझ्या जागी खरेदीवर रेडिओला बसवायचं दोघा भावांनी ठरवलं होतं, असं कळलं. त्यानं नको म्हटलं. हेही त्यानं मला चिडवायलाच केलं असं मला तेव्हा वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात अण्णांच्या छातीत दुखलं. देऱ्याच्या ऑफिसातून कुणीतरी बापूंना कळवलं आणि बापू स्वतः गाडी चालवत आले, हॉस्पिटलात नेलं, चार दिवस उशाशी बसले. तिथे दोघं बोलायला लागले. थेट, मध्ये कुणी नाही. घरी आल्यावर दोन्ही घरच्या सुनांनी मिळून पुरणपोळी केली म्हणे. मरीनाचं ऑफिस मोठं केलं, देऱ्याचा गाळा गोदामापुरता ठेवला. कागदपत्रांचं काम एका बाहेरच्या एजंटला दिलं, सगळं ऑनलाइन.

रेडिओचं काय, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, “त्यांचा व्हिसा संपेपर्यंत ठेवलंय. निरोप समारंभ अण्णा करतील असं बापूंना वाटलं आणि बापू करतील असं अण्णांना. कुणीच केला नाही.”

हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दुपारी मी डेपोत शीळ घालत फिरलो.

तो अल ऐनला आला तेव्हा गुरुवार होता. बसनं आला. दोन दिवसांनी त्याचं मुंबईचं विमान होतं. खांद्याला पिशवी, खिशात रेडिओ. मी डाळ-भात लावला, बांगडे तळले. दुपारचं ऊन खजुरीच्या पानांतून खोलीत येत होतं. तो पाटावर बसल्यासारखा, मांडी घालून खुर्चीत बसला आणि निवांत जेवला.

“सोव्हिएत युनियन मोडलं ना भाऊ,” जेवता जेवता म्हणाला, “तेव्हा मी कॉलेज संपवून नोकरीला लागलो होतो. तरी लिहायचो दोन्हीकडे. मॉस्कोहून यायचं बंद झालं. ठीक आहे, त्यांच्याकडे खायलाच नव्हतं. म्हटलं, अमेरिका तर आहे. ते जिंकले होते. आता जास्त पाठवतील.”

“मग?”

“एक कॅलेंडर आलं. मग पेनं बंद, चित्रं बंद. माझी पत्रं जातच होती. आवाज स्पष्ट, खरखर नाही.” त्यानं काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. “एक गेला तेव्हा दुसऱ्यालाही मी ऐकतो की नाही याचं काही राहिलं नाही.”

मी त्याला आणखी एक बांगडा वाढला.

फोन वाजला. अण्णा. मी हात खरकटे म्हणून फोन स्पीकरवर टाकला. अण्णांचं सुरू झालं. माल, गाड्या, गुडघा. बापूनं नवीन गोळ्या आणून दिल्या. बापू म्हणतो चालायला जाऊ. बापू असा, बापू तसा. रेडिओ घास हातात धरून ऐकत होता. मान पुढे कललेली, तीच, काचेतून दिसायची ती. ज्या केबिनमध्ये तो दार लावून बसायचा त्या केबिनमधला आवाज आता माझ्या टेबलावर, माझ्याशी बोलत होता, आणि त्याचं नाव त्यात कुठेही नव्हतं. आपलं ऐकणारं कुणी नाही हे ज्याच्या लक्षात येतं, त्याचा चेहरा कसा होतो हे मला पुरतं माहीत होतं. तो चेहरा मी वर्षानुवर्षं दाढी करताना पाहिला होता. दुसऱ्या कुणावर पाहायची मला सवय नव्हती. गोड वाटायला हवं होतं.

भांड्याचा आवाज झाला. अण्णा थांबले.

“कोण आहे रे तिथे?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हातानंच ‘नको’ अशी खूण केली.

“रेडिओ आहे,” मी म्हणालो.

“अरे, तो अजून गेला नाही? तुझ्याकडे कशाला आलाय? काही काम होतं का?”

“काम नाही. जेवायला आलाय. आमचा माणूस आहे तो, अण्णा.”

अण्णा म्हणाले, “बरं बरं. जेवा,” आणि फोन ठेवला. एवढा लहान फोन त्यांनी मला कधीच केला नव्हता.

रेडिओ ताटातला भात बोटांनी गोळा करत राहिला.

“हे चुकीचं सांगितलंत भाऊ,” शेवटी म्हणाला. “मी कुणाचाच नव्हतो.”

“मग परत लावून सांगू का त्यांना?”

त्यानं पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायला, खाली ठेवला.

“राहू द्या,” म्हणाला. “वाढा थोडा भात.”